पेनरिकचा उलटा चढ

जुन्नरच्या नवाब मिस्त्रींना कुणी "काय चाललंय?" विचारलं, की ते अमेरिकेपासून सुरुवात करत. तिथं पेनरिक नावाचे दोघे भाऊ घोडागाड्या बनवायचे. मग मोटारी बनवू लागले. पाचच वर्षांत भावाभावांत बिनसलं आणि कारखाना बुडाला. त्याला शंभर वर्षं उलटली. पण मिस्त्री हे असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण मिटवायला हेच मध्ये पडले होते आणि थोडक्यात जमलं नाही.

त्या कारखान्याची एक मोटार मिस्त्रींच्या दारात होती. आजोबा पुण्यात एका साहेबाचे ड्रायव्हर. साहेब विलायतेला जाताना गाडी त्यांना देऊन गेला, सोबत कंपनीची पुस्तिकाही. गाडी सपाटीवर झकास पळे. चढ लागला की फुरफुरून बंद. मिस्त्रींनी तीनदा इंजिन उतरवलं, दोनदा गाडी टेम्पोत घालून घरी आणली. दुसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोनं, जैबुन्निसाबाईंनी, निकाल दिला: पुन्हा टेम्पो दारात आला, तर तो गाडीसकट तसाच भंगारवाल्याकडं जाईल.

अशात अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली हर्षाली जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण घेऊन आली. गाडी आपल्या चाकांवर येईल, असं मिस्त्रींनी छातीठोक सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "चाचा, कॉलेजच्या फाटकापाशी चढ हाये बरं का." मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि गाडीचं चढावरचं दुखणं, आजोबांची पुस्तिका, सगळं सांगून टाकलं.

पोरीनं पुस्तिका मागितली. ती अत्तर लावून रुमालात बांधलेली. दर दसऱ्याला गाडीबरोबर तिलाही झेंडूचा हार. उघडली मात्र तीन पिढ्यांत कुणी नव्हती. सातव्या पानावर हर्षालीला हसू फुटलं.

"चाचा, हिला पंपच नाय. टाकी मागं, इंजिन पुढं. चढावर पेट्रोल पुढं पोचत नाय. लिव्हलंय, गाडी उलटी चढवा, म्हंजी टाकी वर ऱ्हाईल."

चाळीस वर्षं मिस्त्री इंजिनावर खार खाऊन होते. बिचाऱ्याची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

प्रदर्शनाच्या दिवशी जैबुन्निसाबाई मागच्या सीटवर बसल्या, टेम्पोवाल्याचा नंबर मोबाइलवर काढून. चढ आला. मिस्त्रींनी गाडी वळवून फाटकाकडं पाठ केली आणि रिव्हर्स टाकला. पण मान दुखते म्हणून मिस्त्रींच्या गळ्यात डॉक्टरचा पट्टा, मागं बघायची सोय नाही. मग बाई मागं वळून सांगू लागल्या, डावीकडं घ्या, थोडं उजवीकडं, आता सरळ. गाडी एकदाही न फुरफुरता वर चढली. फाटकात आधी शिरल्या त्या जैबुन्निसाबाई. पोरं हार घेऊन उभीच होती. समोर आलेल्या गळ्यात त्यांनी तो घातला.

संध्याकाळी घरी परतले, तर बाईंनीच आधी सांगून ठेवलेले भंगारवाले बाळासाहेब दारात वाट बघत होते. बाई हार न काढताच उतरल्या.

"बाळासाहेब, च्या घ्या न् जा. गाडी माझी हाये, इकायची न्हाई."

हल्ली गाडीचं कुणी विचारलं, की मिस्त्री अमेरिकेला निघतात. पण बाई त्यांना तिथवर पोचूच देत नाहीत. त्या थेट अवसरीच्या चढापासून सुरू करतात.