अक्षता आणि उजवा डोळा

आमच्या भागात माणसाला आनंद झाला की तो दुसऱ्याच्या डोळ्यात काहीतरी टाकतो. सोसायटीची निवडणूक जिंकली की गुलाल, देवाची जत्रा असली की भंडारा, लग्न असलं की अक्षता. आणि आनंदाचं काहीच निमित्त नसलं तर पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा धूर किंवा दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची धूळ आहेच. साठ वर्षं मी हे सगळं डोळ्यात घेतलं, आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांतही हात आखडता न घेता टाकलं. मग बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक कागद लिहून दिला. गुलाल, भंडारा, अक्षता, धूर, धूळ, सगळं वर्ज्य.

मी म्हणालो, "बाई, एवढं टाळायचं म्हंजी मला तालुकाच सोडाय लागंल."

त्या हसल्या नाहीत. "तालुका सोडा, पण हा डोळा सांभाळा," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठाय तुमच्याकडे?"

खरंच नव्हता. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला. त्याला उजेड आहे की गेला एवढंच कळतं, आणि एवढी माहिती तर आमचा वायरमनही देतो. म्हणजे माझा सगळा संसार उजव्या डोळ्यावर चालला होता, आणि त्या उजव्याचं मी काय केलं ते सांगतो.

वरकुट्याच्या रानात उसाला पाणी द्यायला दारं धरत होतो. डोक्याच्या वर गेलेला ऊस, वाकून आत शिरलो आणि पानाची धार सरळ बुबुळावरून गेली. उसाच्या पानाला करवतीसारखे दात असतात हे मला शाळेत कुणी शिकवायची गरज नव्हती. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. शहाण्या माणसानं गाडीला किक मारून दवाखाना गाठला असता. मी आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे गेलो. त्या डोळ्यातला खडा जिभेनं काढून देतात. खडा नव्हताच, तेव्हा सापडला नाही, पण आजींनी शोध कसून घेतला. त्यांच्या जिभेवर नुकतीच लावलेली मिश्री होती.

त्यानंतर गावातल्या औषधाच्या दुकानातून "लाली जायचा ड्रॉप" आणला. दुकानदारानं डोळा बघितलाही नाही, कपाटाकडे हात आधी गेला. दुसऱ्या दिवशी लाली गेली. मी एवढा खूश झालो की तोच ड्रॉप पारावर बसून आणखी दोघांना सुचवला. आठव्या दिवशी मला पारच दिसेना. तेव्हा बारामती. बाईंनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, डोळ्यात बुरशी वाढली आहे, आणि तुमच्या त्या ड्रॉपनं तिला बळ दिलंय. मला लगेच कळलं. तणाला युरिया घातला होता.

बुरशी मेली, पण चार महिने खाऊन मेली. जाताना बुबुळावर मधोमध पांढरं फूल ठेवून गेली. समोर बायको उभी की दाराला टांगलेली गोधडी, हे आवाज आल्याशिवाय समजत नव्हतं. बाई म्हणाल्या, बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलावा लागेल. कुणीतरी मेल्यावर डोळे दिले तर त्यातला तुम्हाला बसवता येईल, नाव नोंदवून ठेवू.

"कुणीतरी मेल्यावर डोळे दिले तर." हे ऐकून मी खाली बघितलं. दिसत काही नव्हतं, पण मान खाली गेली.

कारण असं, की सहा-सात वर्षांपूर्वी माझे वडील गेले, तेव्हा बावड्याचे एक निवृत्त गुरुजी आमच्या दारात आले होते. कुठं मयत झालं की हे गुरुजी हजर. आधी हात जोडणार, मग हळूच विचारणार, डोळे देता का, चार-सहा तासांत घ्यावे लागतात, मी फोन करतो. लोक त्यांना पाठीमागे गिधाड म्हणत. मी तोंडावर म्हणालो. आबा माझे, ब्याऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवणारे, बांधावर बसून लांबच्या रस्त्यानं कुणाचा बैल चाललाय ते सांगणारे. मी भर अंगणात ओरडलो, "माझा बाप अख्खा आलाय, अख्खा जाईल! वर जाऊन चाचपडत फिरायचा का त्यो? निघा!" लोकांनी माना हलवल्या. बापावर माया असावी तर अशी, असंही कुणीतरी म्हणालं. गुरुजींनी पुन्हा हात जोडले आणि सायकल काढली. तासाभरात आम्ही ते दोन्ही डोळे जाळले.

मला पडदा मिळाला. पुण्याला ऑपरेशन झालं. कुणाचा, ते सांगत नाहीत. केसापेक्षा बारीक सोळा टाके, आणि ते वर्षभर तरी राहणार. घरी येताना बाईंचा दुसरा कागद मिळाला: डोळा चोळायचा नाही, वजन उचलायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत, बाहेर जाताना चहूबाजूंनी बंद गॉगल, आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला किंवा अंधुक झालं तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी यायचं. तुमच्या शरीराला हा पाहुणा कधीही परका वाटू शकतो, असं बाई म्हणाल्या.

शरीराचं राहू द्या, आधी खरे पाहुणेच आले. आजाऱ्याला भेटायला जाणं हे आमच्याकडे पुण्यकर्म आहे आणि त्याला वेळेचं बंधन नाही. बिस्किटाचा पुडा पुढे, दोन बोटं डोळ्यासमोर. "किती हायत सांगा?" दिवसातून वीस वेळा मी बोटं मोजली. कंटाळा आला की सात सांगायचो. कळंबचे एक पाहुणे घोंगडीवर ऐसपैस बसून म्हणाले, "दुसऱ्याचा डोळा बसावलाय म्हनं. मग त्यानं बघितल्यालं तुमाला बी दिसतं का वं?"

"दिसतं की," मी म्हणालो. "तुमाला वळखतोय म्हणतोय."

पाहुणे चहा न घेता गेले.

थोरला मुलगा दिवसातून सहा वेळा थेंब घालायचा. फोनवर गजर लावून. रानातून चिखलाच्या पायांनी यायचा, साबणानं हात धुवायचा, खालची पापणी ओढायचा, एक थेंब, बाटलीचं तोंड डोळ्याला लागू न देता. मी आयुष्यभर त्याला आळशी म्हणत आलो. आठ महिन्यांत त्याचा एक गजर चुकला नाही. फूल गेलं, पडदा स्वच्छ राहिला. मला वर्तमानपत्राचे मथळे वाचता यायला लागले आणि लोकांना शिकवण्याची माझी खोडही परत आली. कुणी डोळा चोळताना दिसला की मी त्याला तिथंच धरून आजी, ड्रॉप आणि बुरशीचं अख्खं पुराण ऐकवायचो. पारावर मला बघून लोक उठायला लागले.

एवढ्यात मुलीचं लग्न ठरलं. इंदापुरातलं कार्यालय. मला एकच हवं होतं: अंतरपाट दूर होताना तिचं तोंड या डोळ्यानं बघायचं. पण त्याच क्षणी हजारभर माणसं तांदूळ फेकणार. आमच्याकडे अक्षता नवरानवरीवर पडत नाहीत. मागच्या रांगेतला माणूस पूर्ण ताकदीनं फेकतो आणि त्या मधल्या रांगेच्या टकलावर पडतात. मधली रांग पुढच्यांच्या कानात टाकते. स्टेजपर्यंत पोचतात त्या फक्त मामाच्या आणि नेम असलेल्या पोरांच्या.

पत्रिकेवर छापून घेतलं: अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. कार्यालयात पाकळ्यांच्या टोपल्या फिरवल्या. माइकवर दोनदा सांगितलं, पण ते आलेल्या पुढाऱ्यांच्या स्वागताच्या मधोमध. लोकांना वाटलं अक्षता नावाचा कुणी संचालक आला आहे. बायकांनी घरूनच पदराला तांदूळ बांधून आणले होते. एक म्हातारी मला समजावत म्हणाली, "पाकळ्यांनी कुटं लगीन लागतंय व्हय? नुसता साकरपुडा हुईल." मी गॉगल घट्ट केला. फवारणीवाल्यासारखा दिसत होतो, पण मला दिसत होतं.

मग फोटोवाला आला. "तात्या, गॉगल काडा. वधूपिता हाय का बॉडीगार्ड, कळंना." माझ्या मेव्हण्यानं मान डोलावली. वरपक्षाकडची दोन माणसं हसली. आणि आठ महिने सगळ्या तालुक्याला डोळ्याचे नियम शिकवणाऱ्या मी, चारचौघांत बरं दिसावं म्हणून, गॉगल काढून हातात धरला. एका फोटोपुरता. शेवटचं मंगलाष्टक कधी संपलं ते कळलं नाही. "सावधान" माइकवर मोठ्यानं झालं होतं. ते मलाच सांगत होते.

दाणा उजव्या डोळ्यात बसला. अंतरपाट दूर झाला, आणि मला पाणी सोडून काहीही दिसलं नाही.

मी रुमाल लावून कोपऱ्यात उभा राहिलो. मेव्हणा म्हणाला, पाणी मारा, हुतं कमी. बायको म्हणाली, पाठवणी झाल्यावर बघू. मीही तेच म्हणालो. मुलीची पाठवणी टाकून बाप दवाखान्यात गेला, हे लोक जन्मभर बोलले असते. तेवढ्यात कुणीतरी माझा रुमाल बाजूला केला. बावड्याचे गुरुजी. त्यांना पत्रिका मी मुलाच्या हाती पाठवली होती. स्वतः जायचं धाडस झालं नव्हतं.

"लाल झालाय," गुरुजी म्हणाले. "उजेड खुपतोय? मग आत्ता चला. पाठवणी थांबंल, ह्ये थांबायचं न्हाय." त्यांनी बाईंना फोन लावला. मुलानं गाडी काढली.

इंदापूर ते बारामती, मी मागे डोळा मिटून, शेजारी गुरुजी. ज्या माणसाला मी गिधाड म्हणालो तो माझा हात धरून बसला होता, मी डोळा चोळू नये म्हणून. मी म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी आबांच्या वेळंला मी तुमाला..."

"आता रडू नका," गुरुजी म्हणाले. "डोळ्याला चांगलं न्हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "आबांची नजर लई चांगली व्हती."

यापेक्षा त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं. माझ्यासारखं फूल पडलेले दोघं तेव्हा कुठंतरी भिंत धरून चालत असतील, आणि मी माझ्या बापाचे डोळे मायेपोटी जाळले. मला ज्या घरानं डोळा दिला, त्या घरातही कुणाचा तरी बाप नाहीतर आई अंगणात ठेवलेली असेल. तिथंही लोक माना हलवत असतील. फक्त त्या घरातल्या कुणी माझ्यासारखं तोंड उघडलं नाही.

बाईंनी यंत्रातून बघितलं. एक टाका सुटला होता, पडदा जागेवर होता. टाका काढला, औषध घातलं. दोन दिवस तसेच काढले असते तर डोळा गेला होता, म्हणाल्या. "गॉगल कुठे होता?"

"हातात."

"हातात कशाला?"

"फोटोसाठी."

"मग फोटोच बघत बसा. दिसला तर."

परत आलो तेव्हा कार्यालयात झाडू फिरत होता, पिवळ्या तांदळाचे ढीग लागले होते. वरपक्ष घड्याळ बघून कंटाळला होता. मुलगी गाडीत बसायला तयार नव्हती. ती जवळ आली आणि तिनं माझ्यासमोर दोन बोटं धरली. मी म्हणालो, "दोन. आणि मेंदी उतरलीय एका बोटावरची." मग ती रडली. मला सगळं दिसत होतं, नाकातली नथ, वाहिलेलं काजळ, सगळं. मला त्या वेळी इतका आनंद झाला की मूठभर काहीतरी उधळावं असं वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी गुरुजींकडून अर्ज आणला. माझे डोळे. डावाही घ्या म्हणालो, त्याचा काही उपयोग होईल तर. मी सही केली. खाली जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा आहे. गुरुजींनी सांगितलं, तुमच्या सहीला फारसा अर्थ नाही, त्या दिवशी घरातलं कोण काय म्हणेल यावर सगळं. मी अर्ज मुलापुढे ठेवला. त्यानं वाचला आणि घडी घातली.

"अख्खा आलाय, अख्खा जाईल," तो म्हणाला. "तुमीच म्हणला व्हता. मी तितंच व्हतो, तिरडीचा बांबू धरून."

"मी चुकलो व्हतो," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असणार.

त्यानं घडी उचलली आणि आत गेला. अर्ज कपाटात आहे, सही अजून नाही. थेंब आता दिवसातून दोनदा असतात, गजर तोच, हात तेच. मला त्याचा राग येत नाही. मी ओरडलो होतो, हा गप्प बसतो, एवढाच फरक. काल सकाळी थेंब घालून झाल्यावर मी पुन्हा विचारलं, "सहीचं काय?" त्यानं बाटलीचं टोपण लावलं आणि माझ्या गालावर ओघळलेलं औषध स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसलं. मळकी बाही, रानातली. बाईंच्या कागदावर हे सक्त मना आहे, आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला बुरशीपासून सगळं पुराण ऐकवलं असतं. मी तसाच बसून राहिलो.