माझी चौथी मिरवू नका

त्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेच्या सरहद्दीवर बर्फात होती. पोस्टवर आम्ही अठरा जण. ०५३० ला उठायचं, बर्फ वितळवून चहा करायचा, ०८०० ला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघायची. मी नाईक, वायरलेस सेटवर. पेट्रोल कमांडर नाईक सखाराम, संगमेश्वरच्या वरच्या अंगाचा. दोघांचं शिक्षण चौथी. पुढची शाळा मला खाडीपलीकडे, त्याला डोंगरापलीकडे.

हे आता लिहितो, कारण परवाच्या ग्रामसभेत माझ्या अंगाची आग झाली. पट कमी म्हणून आमची शाळा बंद करतायत. सात पोरं आहेत. एक बागायतदार उठले, म्हणाले, "सगळ्यांना शिकवून करायचंय काय? ज्याची ऐपत, तो रत्नागिरीला पाठवील. आमच्या तात्यांची चौथीच ना? काय अडलं? देशाची सेवा केली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नावानं.

काय अडलं ते सांगतो.

नाईक व्हायला मॅप रीडिंगची परीक्षा असते. मला एका सुभेदारसाहेबांनी तीन महिने रोज तासभर समोर बसवून शिकवलं. सखाराम तेव्हा लंगरात भाकऱ्या थापत होता. त्याला कोणी बसवलं नाही. मी हुशार नव्हतो. मला शिकवणारा भेटला, एवढंच. जागेचे आकडे वाचताना आधी नकाशाच्या खालचे, मग बाजूचे. हे त्याला दहादा सांगितलं.

"मेल्या, आकडे कसले सांगतोस? डोंगर दाखव, चढून येतो."

परीक्षेत मी माझा कागद त्याच्याकडे सरकवला. परीक्षा घेणाऱ्या उस्तादांनी पाहिलं नि तोंड फिरवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "चालायला घोडा आहे. कशाला अडवायचा?" आमच्यात हे चालायचं. शिकवण्यापेक्षा पास करणं सोपं. आम्हाला ती माया वाटायची.

त्या दिवशी पेट्रोलमध्ये चौघे होते. १०४० ला पोस्टच्या साहेबांना दुर्बिणीतून नाल्यावरचा बर्फ तडकलेला दिसला. त्यांनी सुरक्षित जागेचे आकडे दिले. मी सेटवर बोललो.

"अल्फा वन, नाला क्रॉस मत करो. ग्रिड चार सात तीन, पाच एक आठ पर पहुँचो. ओवर."

सेट नुसता खरखरला. बराच वेळ. मग सखारामचा आवाज आला, "समझ गया. ओवर."

त्याला समजलं नव्हतं. त्या गप्प राहण्यावरून मला कळलं. मराठीत चार शब्द पुरे होते : सख्या, उजवीकडची सोंड धर. पण सेटवर उघड बोलायला बंदी. साहेब शेजारी उभे. आणि बोललो असतो तर परीक्षेतली चोरी बाहेर आली असती. मी "आउट" म्हटलं नि बोलणं तोडलं.

११२५ ला बर्फ सुटला. सखाराम पुढे वाट फोडत होता. मागचे तिघे वाचले. त्याला काढलं तेव्हा खिशात नकाशा होता, त्यावर पेन्सिलीची फुली. तिकडची वाट तडकलेल्या बर्फाखालूनच जात होती. आकडे बरोबर ऐकले होते, मांडले उलटे. बाजूचे आधी. रिपोर्टात लिहिलं, हिमस्खलन. मला कोणी विचारलं नाही. मी फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणायची, "कधीतरी लोकांना सांगा ओ." गेल्या वैशाखात ती गेली. आता घरात सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

म्हणे, ज्याची ऐपत तो शिकेल! मरायला पाठवताना ऐपत विचारली होती का कोणी? तेव्हा डोंगरापलीकडची पोरं चालली. मग त्यांना शिकवताना का अंगावर येतं? शाळा म्हणजे उपकार नव्हेत. ती सखारामची होती, तुम्ही दिली नाहीत. मीही दिली नाही, कागद दिला.

पुढच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं सांगितलं ते असं. तार आली, इंग्रजीत. बदली पोस्टमन देऊन निघून गेला. वाडीत वाचणारा कोणी नाही. याआधी एकदाच तार आली होती, सुट्टी मिळाल्याची. ही तसलीच, असं समजून म्हातारीनं अंगण सारवलं, तांदूळ दळले, शेजारणीला नारळ मागितला. बाप तार घेऊन उतरला, बाजारात वाचून घ्यायला. तो संध्याकाळी परतला तेव्हा चुलीवर सखारामसाठी घावने होत होते.