समुद्राकाठची गुहा

अजिंठ्याच्या लेण्यांत सोनाजीबापूंनी तीस वर्षं डोली वाहिली. ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्चीत बसवायचं, चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि पायऱ्या चढायच्या. लोकांच्या आया त्यांनी लेण्यांत नेल्या. स्वतःची बायको वच्छलाबाई मात्र सोयगावकडच्या गावात मेंढरांमागं झिजली. तिचं मागणं एकच होतं, "अवं, मला एकदा समिंदर दाखवा." बापू म्हणायचे, "पुढच्या साली." बापूंचं ते पुढचं साल काही उजाडत नव्हतं.

तिचे गुडघे गेले, दम लागायला लागला, तेव्हा कुठं ते जागे झाले. मी लेण्यांतला गाईड, त्यांचा शेजारी. चार गावं हिंडलेला म्हणून मला सोबत घेतलं. समुद्राकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात आम्ही गेलो. लांबच लांब वाळू आणि कड्याच्या पोटात गुहा. बापूंनी बायकोला पाठुंगळी घेतलं. पाणी बघून ती लहान पोरीसारखी हसली. "लई हाय वो!"

ऊन तापलं. गुहेत गारवा होता, भिंती पुरुषभर उंचीपर्यंत ओल्या. "झिरपतंय वाटतं," बापू म्हणाले. मीही मान डोलावली. आमच्याकडं लेण्याची भिंत ओली म्हणजे डोंगरातलं पाणी, दुसरं काय! तिला आत दगडावर बसवून आम्ही दोघं चहा आणायला गेलो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, हे दोघा दीडशहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. अजून माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

परत आलो तर गुहेच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. वनरक्षकांनी होडी घालून तिला बाहेर काढलं. गळ्यापर्यंत पाणी आलं होतं. वाचली. बापूंकडं बघून एवढंच म्हणाली, "मी हाका मारत व्हते."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोललीच नाही. बापूंनी डोली सोडली आणि तिच्या उशाशी बसून राहिले. तीन महिन्यांनी तिला घरघर लागली. जाणाऱ्याच्या तोंडात घरच्यांनी पाणी घालायचं, अशी रीत. बापूंनी चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं डोळे उघडले, पाणी पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"घे गं," बापू रडत म्हणाले, "एवढंच हाय. चमचाभरच हाय."

तिनं घेतलं नाही.