ओल्दा पास देतो तिथे कुणी नसतं

त्या माणसाचे पास चुकत नव्हते! ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं, वहीत फुल्या मारल्या, चहाचा घोट घेत माना हलवल्या, त्या सगळ्यांना मला एकदाच विचारायचंय: तुम्ही धावलात का? चेंडू जिथे जाऊन थांबला, तिथे तुमच्यातला एक जण तरी कधी गेला होता का?

असो. रागावून सुरुवात केली की किस्से नीट सांगता येत नाहीत. आणि किस्से तर ढीगभर आहेत. दुभाष्याकडे ते साठतातच, कारण दोन्ही बाजूंचं बोलणं फक्त त्यालाच कळलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच त्याला हसायची परवानगी नसते. ते हसू मग आत कुठेतरी जाऊन बसतं आणि वर्षांनी बाहेर येतं.

\* \* \*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यात जपानी शिकून मी पुढच्या शिक्षणासाठी त्सुकुबाला गेले होते. जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नुकता सुरू झाला होता आणि छोट्या छोट्या क्लबांनाही परदेशी खेळाडू हवे होते. सायकलने तासाभरावर असाच एक क्लब होता. कमळकाकडीच्या शेतांच्या मधोमध मैदान, पत्र्याचं ऑफिस आणि नुकताच प्रागहून आलेला एक मिडफिल्डर. टोकियोहून येणारा त्याचा चेक दुभाषा रोजच्या प्रवासाला कंटाळून पळाला होता.

क्लबचा कारभार बघणाऱ्या तानिगुची-सानांनी ('सान' म्हणजे आपलं 'राव') माझी मुलाखत घेतली.

"चेक भाषा येते?"

"नाही. पण त्यांना थोडं इंग्रजी येतं ना?"

"थोडं येतं. फुटबॉल कळतो?"

"हो!" मी साफ खोटं बोलले.

"मिडफिल्डर म्हणजे काय?"

मी विचार केला. "जो मध्ये उभा राहतो आणि इकडचं तिकडे देतो, तो."

तानिगुची-सान खुर्चीतून अर्धे उठले. "वा! दुभाष्याचं कामही तेच. उद्यापासून या!"

\* \* \*

त्याचं नाव ओल्दा. वय चौतीस, गुडघ्यावर दोन टाके, डोळे सतत कुठेतरी लांब. जपानी माणसांना 'ल' जमत नाही, म्हणून तो सगळ्यांचा 'ओरुदा-सान' झाला होता.

पहिल्याच आठवड्यात तो एकटा एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेला. वेट्रेस वही घेऊन आली आणि म्हणाली, "ऑर्डर?" जपानी तोंडात तो शब्द 'ओदा' होतो.

आपली कीर्ती इथवर पोचली, या आनंदात तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "हाय! ओरुदा!" 'हाय' म्हणजे जपानीत 'हो'.

"हाय, ऑर्डर?"

"हाय, हाय! ओरुदा!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने घाबरून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर धावत आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "ऑर्डर?"

दुसऱ्या दिवशी ओल्दा मला म्हणाला, "इथले लोक फार प्रेमळ आहेत. सगळे मला ओळखतात. पण जेवायला देत नाहीत."

\* \* \*

आता खरा घोटाळा. आमच्या प्रशिक्षकांचं नाव कुबो-सान. एक दिवस ओल्दाने माझ्यामार्फत त्यांना विचारलं, "शनिवारी मी खेळणार का?"

कुबो-सानांनी दातांतून हवा आत ओढली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आनोऽऽ..." पुढे काहीच नाही.

याचं मी भाषांतर काय करणार? 'आनो' म्हणजे आपलं 'अंऽऽ, त्याचं असं आहे की...'

पण ओल्दाचा चेहरा उजळला. त्याने कुबो-सानांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. घरी जाऊन बायकोला, यार्मिलाला, सांगितलं. तिने केक भाजला. शनिवारी तो नव्वद मिनिटं बाकावर बसला.

पुढच्या सोमवारी सरावात त्याने एक सुरेख पास दिला. कुबो-सान टाळ्या वाजवत ओरडले, "ई ने!" ओल्दा जागीच थांबला, बूट काढले आणि तणतणत घरी गेला.

तिसऱ्या आठवड्यात यार्मिलाने मला चहाला बोलावलं तेव्हा उलगडा झाला. चेकमध्ये 'आनो' म्हणजे 'हो' आणि 'ने' म्हणजे 'नाही'! माझा प्रशिक्षक अडखळला की माझ्या खेळाडूला होकार ऐकू येत होता आणि कौतुक केलं की नकार. मोठी मोठी वाक्यं मी चोख पोचवत होते. या दोन चिमुकल्या शब्दांचंही भाषांतर करायचं असतं असं मला वाटलंच नव्हतं. मला तर जपानी 'ने' फार जवळचा, कारण तो हुबेहूब आपल्या 'ना'सारखा. 'छान आहे ना!' त्यात काय समजावायचं?

मी दोघांना समोरासमोर बसवून सगळं सांगितलं. ओल्दा हसून हसून आडवा झाला. कुबो-सान मात्र गंभीर झाले. त्यांनी तिथेच शपथ घेतली, की ओरुदा-सानांसमोर 'आनो' कधीच म्हणणार नाही.

शपथ त्यांनी पाळली. फक्त त्यानंतर दोन महिने त्यांना एकही वाक्य सुरूच करता येईना!

\* \* \*

हळूहळू मला फुटबॉल दिसायला लागला. म्हणजे ओल्दाचा फुटबॉल. बाकीचे दहा जण चेंडू माणसाकडे द्यायचे. हा द्यायचा जागेकडे. मान वर न करता उजव्या कोपऱ्याच्या अलीकडे, जिथे हिरवळीशिवाय काही नाही, तिथे चेंडू अलगद जाऊन थांबायचा. कुत्र्याने येऊन दारापाशी बसावं तसा. प्रेक्षक सभ्यपणे "ओऽऽ" करायचे. तानिगुची-सान वहीत फुली मारायचे.

एकदा धुक्यात आम्ही दोघं मैदानाबाहेरच्या बांधावर उभे होतो. खाली शेतकरी कमरेएवढ्या चिखलात हात घालून कमळकाकडी शोधत होते. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं. तरी हात खाली गेला की पांढरं कांड बरोबर वर यायचं. ओल्दा किती तरी वेळ बघत राहिला.

"बघ," तो म्हणाला. "जागा आधीपासून असते. माणूस उशिरा येतो, इतकंच."

धुकं इतकं दाट होतं की त्याचा आवाज शेतातूनच आल्यासारखा वाटला. मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते वहीच्या पानाच्या चारही बाजूंना लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी यार्मिलाला वाचून दाखवलं.

ती भांडी विसळत म्हणाली, "घरीही असंच. मीठ माझ्या हातापाशी ठेवत नाही, हात जिथे जाणार तिथे ठेवतो. वर्षातून दोनदा बरोबर निघतं."

\* \* \*

टोकियोत बँकेत असलेल्या एका मराठी कुटुंबाने मला बहीण मानलं होतं. त्यातल्या शीलावहिनी एका रविवारी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन सामना बघायला आल्या. पहिला अर्धा तास शांत होत्या. मग मला कोपर मारून म्हणाल्या, "अगं, हा तुझा तो ना? हा बॉल कुणालाच देत नाही का गं?"

"देतो वहिनी. तिथे माणूस नसतो."

"मग माणूस असतो तिथे द्यायचा ना बाई!"

"अख्खा क्लब हेच म्हणतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, बाकीच्यांनी धावावं!"

वहिनींनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तुझं लग्न जमवणं सोपं नाही हं."

\* \* \*

मी बाई असल्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये जाता येत नसे. दाराला निळा पडदा होता. त्याच्या बाहेर उभं राहून मी आतलं ऐकायचे आणि तिथूनच ओरडून भाषांतर करायचे.

एका सामन्यात पहिल्या अर्ध्यातच ओल्दाचे चार पास रिकाम्या गवतात गेले. मध्यंतराला पडद्यामागून त्याचा थकलेला आवाज आला: "त्यांना सांग, मी बूट मागे नेतो तेव्हाच निघा. चेंडू सुटल्यावर नको."

एवढंच! पण माझ्या डोक्यात वर्षभराचं सगळं साचलं होतं. मी पडद्यात तोंड घालून, जपानी भाषेत बाईमाणसाने कधीच वापरू नये अशा क्रियापदात ओरडले, "अरे धावा ना! वाट कसली बघताय? पत्र येणार आहे का?"

पडदा हलला आणि एक ओलं डोकं बाहेर आलं. उजवीकडून खेळणारा मोरी. लाजाळू, वेगवान, आणि चेंडू पायाशी आल्याशिवाय पाऊल न उचलणारा.

"त्सूयाकु-सान," तो म्हणाला. त्सूयाकु म्हणजे दुभाषी. "रागावलंय कोण? ते की तुम्ही?"

"दोघंही!"

"हाय," मोरी म्हणाला आणि डोकं आत गेलं. धावला मात्र नाही. त्या दिवशीही नाही.

\* \* \*

ओल्दाचा करार एका मोसमाचा होता. त्याला अजून एकच वर्ष हवं होतं. "दुसरं काही नको," तो मला म्हणायचा. "एकदा कुणीतरी तिथे असावं. मग मी शांतपणे घरी जाईन. नाहीतर आयुष्यभर वाटेल की मला चुकीचंच दिसत होतं."

शेवटच्या सामन्याच्या आठवडाभर आधी तानिगुची-सानांनी आम्हाला बोलावलं. हिरवा चहा दिला. हवेबद्दल बोलले, गुडघ्याची चौकशी केली, मग कपाकडे बघत म्हणाले, "पुढचं वर्ष... कठीण आहे."

मी शब्दाला शब्द ठेवला: "कठीण आहे."

ओल्दा खूश! "कठीण चांगलं. मला कठीण आवडतं. त्यांना सांग, मी तयार आहे."

तानिगुची-सानांनी माझ्याकडे बघितलं. त्या देशात 'कठीण' म्हणजे काय हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, हे टेबल उलथं करावं! एवढा मोठा माणूस, आणि त्याला 'नाही' म्हणायचं कामसुद्धा तासावर ठेवलेल्या एका विद्यार्थिनीवर ढकलायचं?

"ओल्दा," मी म्हणाले, "ते नाही म्हणतायत."

त्याने चहाचा कप अलगद बाजूला सरकवला. मग म्हणाला, "पण शनिवारी खेळू देतील?"

मी विचारलं. तानिगुची-सान उठून उभे राहिले, खोल वाकले आणि म्हणाले, "नक्की."

\* \* \*

शनिवारी दुपारी ऊन कोवळं होतं आणि शेतांवरून चिखलाचा वास येत होता. मी बाकाच्या टोकाला बसले होते. दोन्हीकडे गोल नाही. सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना मधल्या वर्तुळात ओल्दाकडे चेंडू आला. त्याने मान वर केली नाही. बूट मागे नेला.

आणि मोरी निघाला!

चेंडू अजून सुटलाही नव्हता. सगळं मैदान एकीकडे आणि तो लाजाळू पोरगा एकटा उलट दिशेला, रिकाम्या हिरवळीकडे. चेंडू त्याच्या खांद्यावरून गेला, उतरला आणि थांबला. मोरी तिथे होता. त्याला स्वतःलाच ते इतकं खरं वाटेना की तो क्षणभर चेंडूकडे नुसता बघत राहिला. तेवढ्यात बचावपटू घसरत आला, मोरीही घसरला, मातीची ही मोठी ढेकळं उडाली आणि चेंडू बाहेर गेला.

गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला. पण मैदानाच्या मध्यावर ओल्दा दोन्ही हात वर करून उभा होता. बाकावर कुबो-सान रडत होते आणि आपण रडत नाही असं दाखवत होते.

अर्ध्या तासाने प्रेक्षक गेले. ओल्दा अजून बूट न काढता गवतात बसला होता, शेजारी यार्मिला. उजव्या कोपऱ्याजवळ मैदानाची देखभाल करणारे म्हातारे ओकी-सान उकिडवे बसून उखडलेल्या जमिनीवरून हात फिरवत होते. त्यांना कराराचं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना कुणीच कधी काही सांगत नसे. त्यांनी मला हाताने खूण करून बोलावलं आणि ओल्दाकडे बोट दाखवून म्हणाले,

"त्सूयाकु-सान, इथे वर्षभर कुणी फिरकलं नाही, म्हणून मी मऊ गवत राहू दिलं होतं. त्यांना जरा विचारून सांगा, पुढच्या वर्षीही इथे माणसं धावणार आहेत का? तसं असेल तर मला आत्ताच चिवट गवत पेरायला हवं."