खिडकीतून येणारं वायफाय

परवा सकाळी दहा वाजता मी आमच्या सिंदीच्या घरात टेबलाखाली पालथा पडलो होतो. हातात टॉर्च, नाकात धूळ, आणि वर डेस्कटॉपवर एकच रडगाणं... नेटवर्क सापडत नाही.

अकराला बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. लग्नाआधी ती गणित शिकवायची, मग मुलं, घर, माझं दुकान... बारा वर्षांनी तिला कुणीतरी बोलावलं होतं. शिकवण्याचा डेमो स्क्रीनवर लिहून दाखवायचा होता, त्यामुळे मोबाईलवर भागणार नव्हतं. अन् घरात मोबाईलची रेंज म्हणाल तर नावालाच.

आमचं दुकान पुढे, घर मागे, मध्ये अंगण. राउटर दुकानात. वायफाय अंगण ओलांडून खिडकीतून येतं आणि सीपीयूला मागे खोचलेला बोटाएवढा अडॅप्टर ते पकडतो. आदल्या संध्याकाळी आम्ही चालवून पाहिलं होतं, झकास चालू होतं. मग एका रात्रीत याला झालं तरी काय?

अडॅप्टर काढला, फुंकर मारली, दुसऱ्या पोर्टमध्ये लावला. ड्रायव्हर उडवून सोबतच्या सीडीवरून परत टाकला. राउटर तीनदा बंद-चालू केला. मोबाईल घेऊन अंगणात गेलो तर वायफाय फुल... खोलीत पाऊल टाकलं की गायब! डोकंच चक्रावलं राव.

"कालपासून काही बदललं का?" हे तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा ठासून सांगितलं, काही नाही. बाबा दारात येऊन "काऊन रे, अजून नाई झालं?" म्हणाले, तर त्यांच्यावरच खेकसलो. चुकलंच माझं.

पावणेअकरा. ती साडी नेसून खुर्चीत तयार बसलेली. रडली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मग म्हणाली, "नेट येईल तेव्हा येईल, पण हा कूलर हटवा आधी. याच्या घरघरीत मले काई ऐकू येऊन नाई राह्यलं."

खरं सांगतो, लागलं मनाला. तो पत्र्याचा कूलर मीच सकाळी सहाला उठून गोदामातून ओढत आणला होता. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी काठोकाठ भरली, खिडकीत बसवला... इंटरव्ह्यूत तिला घाम येऊ नये म्हणून. कुरकुरतच त्याचा स्टँड बाजूला ओढला.

मागून ती ओरडली, "आलं! आलं!"

मी येड्यासारखा बघत राहिलो. कूलर परत खिडकीत सरकवला, नेट गेलं. हटवला, आलं. पत्र्याचं अन् पाण्याचं ते धूड मीच वायफायच्या वाटेत उभं केलं होतं! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

अकराला डेमो सुरू झाला. खोलीची भट्टी झालेली, वरचा पंखा गरम हवाच फेकत होता. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा खाली बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. ती घामानं निथळत होती, पण अपूर्णांक समजावताना चेहरा असा फुलला होता की मी हात हलवायचंच विसरलो.

निकाल अजून यायचाय. कूलर तर हटवला... पण तिच्याच भल्यासाठी म्हणत बारा वर्षं मी तिच्या वाटेत आणखी काय काय उभं करून ठेवलं, ते कोडं काही सुटत नाहीये.