मार्गाची आखणी

तुमचा देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं घसा साफ करायचो आणि विषय बदलायचो. मी हिंगोलीत कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नकाशावर माझा विश्वास आहे, एवढं मात्र छातीठोकपणे सांगायचो. आमच्या घरातली भक्ती माझ्या बायकोकडे, सुमनकडे आहे. ती सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते. मी गाडी चालवतो आणि बाहेर चपलांजवळ थांबतो. "आत या की कधी," असं ती म्हणायची. "गर्दी कमी झाली की येतो," असं मी म्हणायचो. नागनाथाकडची गर्दी कधी कमी होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

चाळिशी उलटल्यावर साखर वाढली म्हणून मी सायकल घेतली. ती साधी घ्यायला हवी होती, पण आमचा मित्र दंतवैद्य मिलिंद यानं मला डोंगरात चालवायची, जाड टायरांची सायकल घ्यायला लावली. मिलिंद स्वतः दिवस-दिवसभर चालणाऱ्या डोंगर-सायकल शर्यतींत भाग घेतो आणि बऱ्याचदा पुढच्या दहांत येतो. मी बऱ्याचदा संयोजक सामान आवरायला लागले की येतो. मिलिंदचं घर बौद्ध. रविवारी आईला विहारात नेतो, बाकी देव-देव त्याला ठाऊक नाही. माझं चपला सांभाळणं मात्र त्याला अजिबात पटायचं नाही. "मास्तर, एक तर आत जा, न्हाईतर घरी बसा. मधी उभं राहून काहून दोन्हीकडची जागा अडवता?" असं तो म्हणायचा.

आपल्याच जिल्ह्यात अशी एक शर्यत भरवू, ही कल्पना त्याचीच. औंढा आणि सेनगावच्या मधल्या डोंगरांतून, सागाच्या जंगलातून, शेतांच्या कडेनं दिवसभराची वाट. सुरुवात आणि शेवट एका गावच्या शाळेच्या मैदानात. वाट ठरवायचं काम माझ्याकडे आलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. सुटीच्या दिवशी डोक्याला टोप्या, हातात मोबाइल आणि पिशवीत लाल फितींची भेंडोळी घेऊन आम्ही रानोमाळ हिंडलो. जिथं वळायचं तिथं झाडाला, कुंपणाला फीत बांधायची, खाली चुन्याचा पट्टा मारायचा. वाटेत कुणी विचारायचं, "काय चालू हाय साहेब?" मी वर्गात बोलतो तशा भाषेत सांगायचो, "मार्गाची आखणी करतो आहोत." लोक गंभीर व्हायचे, बाजूला सरून उभे राहायचे. मला वाटायचं, किती आदर आहे माणसांच्या मनात खेळाबद्दल!

वाटेतली सगळ्यात देखणी जागा म्हणजे घाटातली पाऊलवाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नाला, मध्ये जेमतेम एक सायकल जाईल एवढी जागा. कड्याला आग्या मोहोळाची मोठाली पोळी लटकत होती. मी त्यांचा फोटो काढून पत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, निसर्गरम्य टप्पा.

शर्यत रविवारी होती. आधीच्या सोमवारी चपलांजवळ उभा असताना माझा धीर सुटला. पुण्या-नाशकाहून, नांदेडहून साठ-सत्तर माणसं येणार होती. कुणी पडलं तर? कुणी हरवलं तर? मी तिथूनच, बाहेरूनच, कळसाकडे बघून म्हणालो, "बाबा, मी काही कुणाला त्रास देणाऱ्यातला नाही. फक्त सगळं माझ्या नकाशाप्रमाणे होऊ दे." हात जोडले की नाही ते आठवत नाही. बहुतेक हातात सुमनची पर्स होती.

रविवारी उजाडताना शाळेच्या मैदानात थंडीनं कुडकुडत सगळे उभे राहिले. सुमननं छातीवर लावायचे नंबर वाटले. मी भाषण केलं. काही जणांच्या मनगटी घड्याळांत नकाशे होते, त्यांना मुद्दाम बजावलं, "जंगलात घड्याळं चुकतात. लाल फितीवर श्रद्धा ठेवा. फीत जिकडे नेईल तिकडे जा." टाळ्या पडल्या. मिलिंद पुढच्यांत निघाला. मी सगळ्यांच्या मागे, कारण कुणी मागे राहू नये हे बघायला शेवटची सायकल संयोजकाची असते. माझ्या वेगाला ते काम शोभतही होतं.

पहिला डोंगर ठीक गेला. मग तुरीच्या शेताशी आलो आणि थबकलो. इथून वाट सरळ जायला हवी होती, पण समोर एकही फीत नव्हती आणि टायरांच्या खुणा डावीकडे, लांब दिसणाऱ्या लाल ठिपक्यांच्या रोखानं गेल्या होत्या. धुऱ्यावर एक म्हातारी शेंगा तोडत बसली होती. "आजी, इथल्या फिती कुणी हलवल्या?"

"म्या हलिवल्या," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या तुरीतून हमरस्ता नेऊन राहिले तुमी. लेक म्हनला, साहेब लोकं मार्गाची आखनी करून गेले. मंग म्या काहून ठेवू? दिल्या सखारामाच्या बांधाला बांधून."

त्या आदराचा अर्थ आत्ता कळला. गेल्या काही वर्षांत मोठ्या रस्त्यांत जमिनी जाण्याच्या बातम्यांनी आमच्याकडचा शेतकरी इतका सावध झालाय की चुन्याचा पट्टा दिसला तरी त्याची झोप उडते. मी तिला सायकलींचं सांगायला गेलो. तिनं माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे नुसतं बघितलं. तिचा विश्वास बसला नाही.

सखारामच्या बांधावर सखाराम होता, फिती नव्हत्या. "म्हातारीला वाटलं मला कळत न्हाई," तो हसून म्हणाला. "म्या बराबर उचलल्या अन् गायरानात नेऊन बांधल्या. सरकारची जमीन, सरकारचा रस्ता. कुनाला तकलीफ न्हाई." त्याचं नागरिकशास्त्र माझ्या भूगोलापेक्षा पक्कं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. मी वेड्यासारखे पाय मारत गायरानात गेलो, तर फिती तिथूनही उठून पुढे गेलेल्या. म्हणजे रस्ता कुणालाच नको होता असंही नव्हतं.

त्या पलीकडे बापूराव नावाच्या गृहस्थांचा माळ आहे. खडकाळ, कुसळं सोडून फारसं काही न उगवणारा, एका कोपऱ्यात विहिरीच्या आधारानं ज्वारीचा तुकडा. गायरानातल्या सगळ्या फिती बापूरावांनी आपल्या माळावर आणून बांधल्या होत्या. नुसत्या सरळ नव्हे, तर विहिरीभोवती दोन वेढे घालून, कारण विहीर रस्त्यात गेली तर तिचा मावेजा, म्हणजे सरकारी भरपाई, वेगळा मिळतो. पहिल्या फितीला हळदीकुंकू लागलं होतं, खाली नारळ फोडला होता. आणि माझी सगळी शर्यत, पुण्या-नाशकासकट, आगटीभोवती मांडी घालून हुरडा खात बसली होती. बापूराव धुतलेली टोपी घालून जातीनं वाढत होते. एवढे साहेब एका वेळी आले म्हणजे काम पक्कं झालं, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांच्या कारभारीण ताज्या चटणीचं पातेलं फिरवत होत्या.

मिलिंद कणीस चोळत म्हणाला, "मास्तर, तुमची फीत विहिरीला दोन चकरा मारून थांबली. श्रद्धा ठेवा म्हनलात, म्हनून थांबलो. आता आत उडी मारायची का?"

सगळे हसले. मी मात्र आयुष्यात ओरडलो नाही इतका ओरडलो. महिनोन् महिन्यांची मेहनत, नकाशा, चुना, पत्रकं, सगळं पाण्यात! बापूरावांना बोललो, मिलिंदला बोललो, आणि मनातल्या मनात नागनाथालाही बोललो. एवढं एकच मागितलं होतं, तेवढंही झालं नाही ना? चपलांजवळून मागितलं म्हणून काय झालं?

मी बोलतच होतो, तेवढ्यात घाटाच्या बाजूनं एक जीप धूळ उडवत आली. आमचे रशीदभाई. सेनगावच्या रस्त्याला त्यांची जीप चालते. घाटाच्या वरच्या तोंडाला पाण्याचे कॅन घेऊन ते स्पर्धकांची वाट बघत थांबले होते. काचा गच्च लावलेल्या, वायपर कोरडेच चालू आणि त्यांचा एक कान वांग्याएवढा सुजलेला. खाली उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "मास्तर, घाटात कोन गेलं? किती लोकं मधी हायेत?"

मोहोळ उठलं होतं. कशानं, ते अजूनही कुणाला माहीत नाही. कुणी धूर केला असेल किंवा घारीनं पंख मारला असेल. सगळी पाऊलवाट माश्यांनी काळी झाली होती. रशीदभाई जीपमध्ये बसून होते म्हणून कानावर भागलं, तोही काच चढवता चढवता. ज्या वाटेवर सायकल वळवायलाही जागा नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नाला, त्या वाटेवर माझ्या नकाशाप्रमाणे साठ-सत्तर माणसं त्याच वेळी असायला हवी होती.

हुरड्याचे घास हातातच राहिले. मग मिलिंद उठला आणि छातीवरचे नंबर बघत माणसं मोजू लागला. पुन्हा मोजली. एक कमी भरत होता. परभणीचे जाधव, बँकेत असतात. अंगानं जाड, हळू जाणारे, आणि मनगटावर भलंमोठं घड्याळ. त्यांनी फितीऐवजी घड्याळाचं ऐकलं असेल तर?

मी बापूरावांच्या त्या हळद लावलेल्या फितीपाशी खाली बसलो. नकाशा, शर्यत, माझं नाव, काही आठवलं नाही. मी म्हणालो, "नागनाथा, एवढा एक माणूस." पुढे शब्दच नव्हते. पूर्वी मागितलं तेव्हा किती व्यवस्थित वाक्य होतं! रशीदभाई म्हणाले, "म्या जातो परत, काचा लावून," आणि खरोखर जीपकडे वळले. मिलिंद त्यांच्या शेजारी चढून बसला.

तेवढ्यात गोठ्यामागून बापूरावांच्या कारभारणींचा आवाज आला, "अवो, हितं एक साहेब रडून राहिले का झोपून राहिले, बघा बरं!"

जाधव कडब्याच्या गंजीला टेकून डोळे मिटून बसले होते. रडत नव्हते. मी त्यांना मिठी मारली तेव्हा ते गोंधळून म्हणाले, "सर, आज एकादशी आहे. हुरड्याचा वास सहन होईना, म्हणून इकडं येऊन बसलो."

मग जे हसू फुटलं ते वेगळंच होतं. त्यात दोघा-तिघांचे डोळे भरले होते, त्यातला एक मी. थोड्या वेळानं बापूरावांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, खरं सांगा. रस्ता न्हाई ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्या माळाकडे बघून माझंच मन कसनुसं झालं. कारभारीण म्हणाल्या, "म्हंजे नारळ वाया गेला म्हना." बापूराव एकदम फिरले, "वाया काहून? इतकी लेकरं वाचली की! ज्या नागनाथानं भक्ताच्या कीर्तनासाठी आख्खं देऊळ फिरवलं, त्याला चार सायकली फिरवाया किती तकलीफ?" मिलिंद म्हणाला, "फिरवल्या तुमी, बापूराव. देवाच्या नावावर काहून घालता?" बापूराव लाजून हसले. तोवर सखाराम आणि ती म्हातारी आजीही बातमी ऐकून आले होते. सकाळी ज्या फिती कुणालाच आपल्या रानात नको होत्या, त्या आधी कुणी हलवल्या यावरून आता तिघांची हुज्जत सुरू झाली. आजीच जिंकली. पहिली फीत तिनंच सोडली होती.

शर्यत आम्ही बापूरावांच्या विहिरीपासून गाडीवाटेनं शाळेपर्यंत पुन्हा लावली. सगळ्यांची पोटं हुरड्यानं तट्ट झालेली. मोठमोठे नावाजलेले सायकलपटू चढावर उतरून ढेकर देत चालत होते. पहिले आले परभणीचे जाधव. त्यांना स्वतःलाही खरं वाटेना, मैदानात आल्यावर ते मागे वळून विचारत होते, "बाकीचे कुठं गेले?"

परतताना सुमननं गाडी औंढ्याकडे घेतली. माझे पाय क्लच दाबण्याच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून चालवत तीच होती. देवळाशी तिनं मला काही विचारलं नाही. मी चपला काढल्या आणि तिच्या मागून आत गेलो. नागनाथाचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. चिंचोळ्या तोंडातून, उभ्या पायऱ्यांनी, अंग चोरत उतरावं लागतं आणि खाली वाकूनच बसावं लागतं. उतरलो कसातरी. पिंडीपाशी बसलो, हात टेकवला. ओल्या दगडाचा आणि बेलाचा वास होता. मागायला काही सुचेना, आणि ते न सुचणंच बरं वाटत होतं.

उठायची वेळ आली तेव्हा मांड्या दगड झाल्या होत्या. दोन पायऱ्या चढलो आणि तिथेच अडकलो. खालचे वर येऊ शकत नव्हते, वरचे खाली. लोक कुजबुजू लागले. वरून कुणीतरी दोन्ही हात खाली सोडले. "काका, हात द्या." मी हात धरले आणि पायांनी जोर लावला, तर पोटरीत असा गोळा आला की त्या माणसालाच खाली ओढलं. पुन्हा तेच झालं. तो कळवळून म्हणाला, "तुमी जोर लावू नका हो! तुमी जोर लावला की मला वढता येईना. अंग सोडा."

मी आजवर कुणाच्या भरवशावर अंग सोडलेलं नाही. बसमध्येसुद्धा मी दांडा धरून झोपतो. पण त्या अंधाऱ्या बोळकांडीत दुसरा इलाजच नव्हता. मी अंग सोडलं, आणि कापसाचं गाठोडं उचलावं तसा अलगद वर आलो. उजेडात डोळे उघडेपर्यंत तो माणूस गर्दीत मिसळला होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ती आजी, सखाराम, बापूराव, कान सुजलेला असताना परत जीपमध्ये चढणारे रशीदभाई आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलेला मिलिंद, सगळे डोळ्यांपुढे आले. कळसाकडे बघून हात जोडले. या वेळी दोन्ही हात मोकळे होते.

सुमननं विचारलं, "कुणी काढलं वर?"

"माहीत नाही," मी म्हणालो. वर्गात हे उत्तर द्यायची वेळ आली की माझे कान लाल होतात. त्या दिवशी ते देताना मला फार हलकं वाटलं.