उलटं ओढणारं स्टिअरिंग

मी पाटनच्या एका शाळेत गणित शिकवते. जबलपूरहून जायचे ती स्वतः गाडी चालवत, आणि त्या प्रवासाची मला मनापासून आवड होती. गेल्या हिवाळ्यात, मटाराच्या ऐन हंगामात, शेतातून निघणाऱ्या ट्रॉल्यांनी रस्ताभर ओला चिखल आणून टाकला होता. एका वळणावर माझ्या गाडीचं मागचं अंग सरकलं. मी स्टिअरिंग गच्च आवळलं, ब्रेक दाबला, आणि गाडी गर्रकन फिरून शेतात उतरली.

मला साधं खरचटलंही नाही. शेंगा तोडणाऱ्या बायका धावत आल्या. एकीने पाणी दिलं, "बच गईं दीदी" म्हणाली. मी हसलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि बोटं थरथरायला लागली. थांबेचनात. मी उतरले आणि बस धरली.

गाडी चिखलात घसरल्याचं घरी ठाऊक होतं, पण बसचं कारण मी सांगितलं, "बसमध्ये पेपर तपासून होतात." आईला ते पटलं. धाकट्या भावाला पटलं नसावं, कारण जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात जायलाही मी ई-रिक्शा बोलावते हे त्याने पाहिलं होतं.

हा भाऊ घरी बसूनच कंपनीचं काम करतो आणि सुट्टीत कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो. एका रविवारी दुपारी त्याने नवीन स्टिअरिंग आणलं आणि जेवणाच्या टेबलाला शिकंज्यांनी आवळून बसवलं. त्याच्या आत मोटर होती. पडद्यावरची गाडी खड्ड्यातून गेली, वळली, घसरली, की ती मोटर तसा जोर हाताला देते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात, असं त्याने मला समजावलं.

"ताई, पहिले तू बस," तो म्हणाला. "इथं गाडी पडली तरी चिखल नाही लागत."

चिखलाचं नाव त्याने मुद्दाम काढलं हे मला कळलं. तरी बसले.

गाडी सरळ रस्त्यावर निघाली. मी जरासं डावीकडे वळवलं आणि स्टिअरिंगने माझ्या हाताला हिसका दिला. ते आपणहून डावीकडे, पार टोकापर्यंत जाऊन आदळलं. टेबल हादरलं, पाण्याचा ग्लास कलंडला. मी ओरडून उठले.

आई स्वयंपाकघरातून आली. "काय करून राहिले तुम्ही दोघं? टेबल मोडता का?"

"पाहिलं?" मी भावाला म्हटलं. "माझे हातच बिघडले आहेत. स्टिअरिंग धरलं की असंच होतं. त्या दिवसापासून."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, की हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. आई ओलं टेबल पुसायला लागली. मग म्हणाली, "अगं, मग सांगितलं काहून नाहीस?"

 भाऊ माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने गाडी पुढे काढली. त्याच्याही हातून स्टिअरिंग तसंच सुटून टोकाला आदळलं. तो मोठ्याने हसला.

"ताई, तुझ्या हाताला काही नाही झालं! जोराची दिशाच उलटी लागली आहे. वळल्यावर यानं सरळ व्हायला पाहिजे, तर हे अजून वळून राहिलं. सेटिंगमध्ये उलटं करावं लागेल, बस."

एवढंसं वाक्य, पण माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

दिशा सुधारल्यावर मी म्हटलं, "जोर अगदी कमी ठेव." त्याने ठेवला. मग हातात काहीच येईना. गाडी रस्त्यावर आहे की गवतात, पत्ता लागेना, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. "वाढव," मी म्हटलं. तो वाढवत गेला. एका ठिकाणी हलकं वळण आणि अवघड वळण सारखंच जड लागायला लागलं. "मोटर पूर्ण ताकद लावून राहिली," तो म्हणाला, "आता फरक सांगायला तिच्याकडे जोरच उरला नाही." हे माझ्या गणिताच्या डोक्याला फार आवडलं. आम्ही जोर थोडा मागे आणला आणि तिथे थांबलो.

मग त्याने ओला रस्ता लावला. वळणावर मागची चाकं उजवीकडे सरकली. मी गच्च आवळलं. गाडी फिरली.

"आवळू नको. थोडं ढिलं धर, ते कुठं जाते पाह."

पुन्हा तेच वळण. चाकं सरकली, मी श्वास रोखून पकड सैल केली. स्टिअरिंग माझ्या तळहातांतून हळूच उजवीकडे फिरलं, जिकडे गाडीचं अंग जात होतं तिकडेच. मी त्याला जाऊ दिलं, मग परत येऊ दिलं. गाडी सरळ झाली. आईने टाळी वाजवली.

"खरी गाडी इतकी सोपी नसते, अच्छा?" भावाने बजावलं. मला ते ठाऊकच होतं. पण बोटं थरथरत नव्हती. संध्याकाळपर्यंत मी त्याला खुर्ची दिली नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी किल्ली घेतली आणि आईला म्हटलं, "चल, तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन येऊ." ती लगेच चप्पल घालून तयार. कॉलनीच्या फाटकापर्यंत मी स्टिअरिंग गच्च आवळूनच होते. मग मी पकड सैल केली आणि रस्त्याचा बारीक खडखडाट हातात येऊ दिला. पूल येईपर्यंत आम्ही आत्याच्या घरच्या लग्नावर बोलत होतो. नर्मदा ओलांडल्यावर आई म्हणाली, "आता कुठं वळतेस? अजून जरा पुढं चल ना."

सोमवारी मी गाडी शाळेच्या आवारात लावली. फाटकावरचा चौकीदार कुतूहलाने जवळ आला. "मैडम, आज बस छूट गई क्या?"

"छूटी नहीं, भैया," मी म्हटलं, "छोड़ दी."